रायफलीची जागा

केटल फोर्क, अलास्का
ऑगस्ट १९९६, अखेरचा मंगळवार

सकलमत्स्यकुलकृतांत, ऋक्षपराभवकीर्तिमंडित, चतुश्चक्रयानधुरंधर, शीतकालीन-शिळ्या-धिरड्यांचे अनन्य भोक्ते, सार्धैकपादचक्रवर्ती, टॉलेफसनकुलकनिष्ठरत्न श्रीमान एमेट महोदय यांच्या उर्वरित चरणी, केटल फोर्क नगरीतील खिळे-दोरखंड-काडतूस भांडाराचे अधिपती, अग्निशामक स्वयंसेवक दलाचे आजीव खजिनदार व त्याच दलाचे एकमेव दोषी भजनगायक, ज्येष्ठ बंधू मर्ल यांचा साष्टांग, परंतु गुडघ्यांच्या असहकारामुळे वस्तुतः षडंग, प्रणिपात.

प्रिय एमेट,

ही बिरुदावली वाचून तू पत्र बाजूला ठेवून शेगडीत लाकूड सारायला उठला असशील, तर खाली बस. पत्र लांब आहे, आणि शनिवारच्या आत ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे तुला अनिवार्य आहे. एरवी हे मी रेडिओ-फोनवर सांगितले असते; पण तुमच्या टॅमरॅक तळ्यावर तो एकच आहे आणि त्यावर उच्चारलेला प्रत्येक शब्द अख्खे खोरे कान टवकारून ऐकते. शिवाय बोलायला लागलो की माझ्या मुखातून विनोदाखेरीज काही बाहेर पडत नाही, ही माझी जुनी व्याधी तुला विदित आहेच. कागदावर तो निदान खोडता येतो. या पानाच्या आधीची तीन पाने मी खोडून शेगडीला अर्पण केली आहेत.

तुझी चिठ्ठी शुक्रवारी पोचली. ओपलने ती स्वतः दुकानात आणून दिली. तीस वर्षे टपालाची विमाने उडवून आता टपालाच्या खिडकीमागे विराजमान झालेली ही विदुषी कुणाचेही पत्र वाचत नाही, असे ती शपथेवर सांगते, तरी पाकीट माझ्या हाती देता देता म्हणाली, "एकटा चाललाय म्हणे. त्याच वाटेने." मी म्हणालो, ओपल, पाकीट बंद आहे. ती म्हणाली, "पाकीट बंद आहे, उजेड थोडाच बंद आहे?" चिठ्ठी तुझ्या स्वभावानुरूप त्रोटक. शनिवारी सकाळी बाबांच्या केबिनवर निघतोय, छप्पर गळतंय, आठ दिवस, एकटाच. रानगाडीवर मावेल अशी एखादी आखूड रायफल निवडून पाठव. आणि हँडलला बोल्टने आवळता येईल अशी लोखंडी नळी पाठव, कुलूपवाली, रायफल तिच्यातच राहील. 'मागच्या वेळी मीच ती पेटीत टाकली. आता माझ्यावर सोडायचंच नाही. मी विसरतो, गाडी विसरत नाही.' आणि खाली, कागद संपत आला म्हणून तिरके: 'थर्मासही पाठव. शकुनाचा आहे.'

ते शेवटचे दोन मुद्दे मी शुक्रवारपासून इतक्यांदा वाचले आहेत की आता डोळे मिटले तरी तुझे ते कोंबडीच्या पायासारखे अक्षर दिसते.

प्रथम रायफलीविषयी, कारण तो माझ्या अधिकारकक्षेतला विषय आहे. अडतीस मैलांची वाट, पाच ओढे, त्यातला ग्रेलिंग निर्झराचा तो चिकणमातीचा उतार, ब्लूबेरी पिकलेल्या, आणि प्रत्येक झुडपामागे हिवाळ्यासाठी पोट भरत बसलेले एक-एक अस्वल. माणूस एकटा, डावा पाय घोट्यापासून कारखान्यात घडलेला, आणि आठ दिवस तो परतला नाही तरी कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. अशा माणसाच्या हाती काय असावे? तू हे मला विचारलेस, जणू मी तुला पावट्यांचे बियाणे निवडून देणार आहे. मी दुकानाचे दार पुढे लोटले, 'अधिपती चिंतनात आहेत' अशी पाटी लावली आणि चार उमेदवार गल्ल्यावर मांडले.

पहिली ती बावीस बोअरची चिमुरडी, जी सुटी होऊन आपल्याच पोकळ दस्त्यात शिरते. स्वतःला गिळून बसणारी ही एकमेव ज्ञात प्रजाती. हातभर लांब, जेमतेम सव्वा किलो, पाण्यात पडली तर बदकासारखी तरंगते. ही जात तुला परिचित आहे. ओपल ती हातात तोलून म्हणाली, "हिनं ससा मिळेल, रानकोंबडी मिळेल. अस्वलाला फक्त खाज सुटेल." दुसरी, वर बावीसची नळी आणि खाली बारीक छर्‍यांची, अशी एका देहात दोन आत्मे नांदवणारी, मधोमध बिजागरीवर मोडते. तिसरी आधुनिका, पिस्तुलाची काडतुसे खाणारी, दस्ता कडेला दुमडणारी, दिसायला एखाद्या सुटकेसच्या हँडलसारखी. आणि चौथी ती आखूड, खालच्या खटक्याने काडतूस भरायची, चव्वेचाळीसची. नळी सोळा इंचांची, एक कळ फिरवली की दोन तुकडे. पाच पौंड. ती मी चार वर्षांपूर्वी एका भूगर्भशास्त्रज्ञाकडून घेतली होती. त्याने गावही सोडले आणि शास्त्रही.

केवळ दर्शनाने निर्णय देणे हे आमच्या पीठाच्या परंपरेत बसत नाही. म्हणून शनिवारी आणि रविवारी मी चौघींना आळीपाळीने माझ्या रानगाडीला बांधून खडीच्या खाणीमागची अकरा मैलांची चिखलवाट तुडवली आणि प्रत्येक फेरीअखेर पन्नास पावलांवरून कॉफीच्या तीन रिकाम्या डब्यांवर न्यायदान केले. तू रानगाडीवर चाळीस वर्षांचा होईस्तोवर बसलास, तरी तिच्या कंपनाचे शास्त्र तुला कधी उमजले नाही. टांग टाकून बसायचे ते यंत्र म्हणजे चार फुगीर चाकांवरचे मंथन आहे, त्यात स्क्रू म्हणून जे जे काही जन्माला आले ते सुटून निघते. दोन आत्मेवालीच्या बिजागरीत चिखल शिरला आणि ती अर्धी मोडून हटून बसली; माझी मेहुणी जेवणाच्या टेबलावर बसते तशी. आधुनिकेचा नेम वीतभर उजवीकडे सरकला. चिमुरडी डबक्यात पडली, तरंगली, काढून झाडली तर झडली. पण अस्वलाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. चव्वेचाळीसने तिन्ही डबे पाडले आणि माझ्या खांद्यावर जांभळा शिक्का उमटवला, ज्याचे ओपलने आतापर्यंत तीनदा अवलोकन केले आहे. "हाडं म्हातारी झाली," ती म्हणाली. "बंदूक नाही बदलायची, खांदा बदल."

पण खरी परीक्षा सोमवारी होती आणि ती सांगायला मला संकोच वाटतो.

मी दुकानाच्या मागच्या खोलीत जमिनीवर उताणा पडलो, डाव्या पायावर शंभर पौंडांची खिळ्यांची पेटी ठेवली आणि घड्याळ छातीवर. पाठपिशवी पाठीखाली. मग झोपल्या झोपल्या ती सोडवायची, रायफल बाहेर काढायची, जोडायची, भरायची. चव्वेचाळीस: बावीस सेकंद. मग ती जुनी चिमुरडी घेतली. गल्ल्यावरची नव्हे, तुझी, नऊ वर्षांपूर्वीची, जी त्या उलथ्या रानगाडीच्या पेटीतून नंतर निघाली आणि तेव्हापासून माझ्या फळीवर 'विक्रीस नाही' म्हणून पडून आहे. ती जोडायला एक मिनिट, अकरा सेकंद. मी पुन्हा पडलो. मग एकाच हाताने, दातात नळी धरून: तीन मिनिटे, दहा सेकंद. मी हे सात वेळा केले, एमेट. सातव्या वेळी ओपल मागच्या दाराने आत आली, मला पाहून थबकली आणि म्हणाली, "कोण मेलं?" मी म्हणालो, ग्राहकहितार्थ संशोधन चालू आहे. ती तिथेच उभी राहिली. तिची नजर पेटीवर गेली, मग रायफलीवर, मग माझ्यावर. "मर्ल," ती म्हणाली, आणि तीस वर्षांत प्रथमच त्या बाईने वाक्य पुरे केले नाही.

तुला आठवण्याची गरज नाही, पण मला लिहिण्याची आहे, म्हणून ऐक. जून सत्त्याऐंशी, तो महिना, ज्यात सूर्याला आपल्याकडून निरोप घ्यायचे कळत नाही. दोन रानगाड्या, मी पुढे, तू मागे. मी तुला दीड मैल मागे टाकून केबिन गाठले, चूल पेटवली, बेकन तव्यावर टाकले. तू आला नाहीस. मी म्हणालो, निर्झरावर गळ टाकून बसला असेल, मासे आणि एमेट यांच्यातले वैर जुने आहे. बाबांचा नियम तुला पाठ आहे, मलाही: संकटात तीन बार. वारा नव्हता, दीड मैलावरून तीन बार सहज कानी आले असते. आले नाहीत. बार नाही, म्हणजे क्षेम. मी तुझ्या वाट्याचे बेकनही खाल्ले आणि लख्ख उजेडात डोळ्यांवर टोपी ओढून झोपलो. सकाळी नवाला निघालो तेव्हा तू त्या चिकणमातीच्या उतारावर एकोणीस तास उताणा होतास, पाय सांगाड्याखाली, मागची पेटी गाडीखाली दबलेली, आणि मातीवर तुझ्याभोवती अस्वलाच्या पावलांचे पुरे वर्तुळ. आठ पावलांवर आले होते, तू म्हणालास. तू एकोणीस तास थर्मासाचे पत्र्याचे झाकण सांगाड्यावर बडवत होतास. ते झाकण मी पाहिले आहे. ते आता झाकण राहिलेले नाही, ते एक चुरगळलेले पान आहे.

आणि मग त्याच्यावर आपण उत्सव उभा केला. दरवर्षी जूनमध्ये अग्निशामक दलाच्या सभागृहात मूस या थोराड हरणाच्या मांसाचे कालवण, मक्याची पोळी, ओपलचा तो दात पाडणारा, रुबार्बच्या आंबट देठांचा पाय (खायचा), आणि मधोमध टेबलावर निळी फीत बांधलेला थर्मास. सगळे कप उंचावतात. "मर्लच्या कॉफीला!" आणि मग तू उभा राहतोस, कृत्रिम पायावर टिचकी मारतोस आणि दरवर्षी तेच भाषण करतोस. "मंडळी, निघताना आम्ही बापाच्या रीतीनं अंगझडती घेतली. काडेपेटी? आहे. सुरी? आहे. बंदूक? मी पिशवीवर थाप मारली, कडक लागलं, म्हटलं, आहे! मूर्खानं थर्मास थोपटला आणि बंदूक समजला. बंदूक ह्या मूर्खानं आदल्या रात्रीच पेटीत कोंबली होती. जागा रिकामी दिसली म्हणून त्या शहाण्या मर्लनं तिथं कॉफी ठेवली. पाय माझ्या मूर्खपणानं गेला, जीव मर्लच्या कॉफीनं राहिला." सभागृह हसते, टाळ्या पिटते. मी उठून कमरेत वाकतो, काहीतरी चटकदार बोलतो, आणि मूसच्या कालवणात इतके तिखट घालतो की डोळ्यांत पाणी आले तर त्याला कारण असावे. गतवर्षी पाठदुखीचे निमित्त सांगून मी आलो नाही. यंदाही आलो नाही. तू म्हणालास, "मर्ल म्हातारा होतोय."

आता तुझ्या त्या नळीविषयी. हँडलला आवळलेली लोखंडी नळी, कुलूप, किल्ली खिशात. वरवर पाहता निर्दोष. ज्याला वाटते की आपण विसरभोळे आहोत, त्याने आपली स्मृती यंत्राच्या हवाली करावी, हे तर्कशास्त्र मला समजते. पण रानगाडी उलटते, एमेट, ती त्यासाठीच निर्माण झाली आहे. आणि उलटताना ती नळीसकट, कुलपासकट उलटते, आणि माणूस चार हात पलीकडे पडतो. बाबा कुत्र्यांची स्लेज हाकायचे तेव्हापासून म्हणत होते: गाडीवर असतं ते सामान, अंगावर असतं ते आयुष्य. स्लेजवर बांधलेल्या बंदुकीला ते 'कुत्र्यांची बंदूक' म्हणायचे. संकट आले की ती कुत्र्यांबरोबर पळून जाते. हा नियम तू जन्मभर पाळलास. माझ्यापेक्षा काटेकोर. मला आठवते, तू नऊ वर्षांचा असताना न्हाणीघरातसुद्धा सुरी कमरेला लावून जात होतास, आणि आईने विचारले तर म्हणालास, "साबण उलटला तर?" असा माणूस आता चाळिशी ओलांडून कुलूपवाली नळी मागतो, कारण त्याचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिलेला नाही. तो विश्वास कुठे गेला, ते मला ठाऊक आहे.

म्हणून निर्णय असा: चव्वेचाळीस. गुरुवारच्या विमानाने या पत्रासोबत येत आहे. दोन्ही तुकड्यांसाठी ओपलने तंबूच्या कापडाची छातीवर बांधायची थैली शिवली आहे, तिच्या जुन्या पॅराशूटच्या पट्ट्या लावून. टाके तिच्या रुबार्बच्या पायसारखेच, तुटणार नाहीत. थैली पाठीवर नाही, छातीवर, म्हणजे उताणा पडलास तर ती तुझ्याखाली दबणार नाही. पाच पौंड जड वाटतील, पहिले दहा मैल शिव्या देशील, त्या मला दे. नेम पन्नास पावलांना बसवला आहे. शुक्रवारी दहा बार झाडून स्वतः पाहा. वंगण अगदी पातळ ठेव, थंडी लवकर आली तर घट्ट होईल. बारा काडतुसे थैलीत, ती फडक्यात गुंडाळून, खुळखुळ करू नयेत म्हणून. उरलेली गाडीच्या पेटीत ठेव, ते सामान आहे. शुक्रवारी संध्याकाळी शेगडीसमोर उताणा पडून दहा वेळा जोड. हसू आले तर हस, पण दहा वेळा जोड. आणि निर्झराच्या उताराला गाडीवर बसून उतरू नकोस. खाली उतर, दोर लाव, तिला पुढे सोड. ती तुझ्यावर पडण्यापेक्षा एकटी पडू दे.

नळी मी पाठवलेली नाही. पाठवणारही नाही. याचे कारण मी तुला दुकानदार म्हणून दिले. ते खरे आहे, पण पुरे नाही, आणि पुरे दिल्याशिवाय तू दुसर्‍या कुणाकडून ती नळी मागवशील, हे मी जाणतो.

एमेट, रायफल तू पेटीत टाकली नव्हतीस. आदल्या रात्री तू ती पाठपिशवीतच ठेवलीस, बरोबर जागी, दस्ता वर, जसे बाबांनी शिकवले तसे. सकाळी तू पेट्रोलचा डबा भरायला टाकीकडे गेलास तेव्हा माझा थर्मास तुझ्या गाडीच्या पेटीत आडवा पडून धिरड्यांच्या पिठात गळत होता. तो फक्त उभा राहिला तरच गळत नाही, आणि उभा राहील असा उंच कप्पा तुझ्याच पिशवीला होता. मी रायफल काढली, पेटीत पिठाखाली सारली आणि तिच्या जागी थर्मास उभा केला. माझ्या पिठासाठी. तू आलास, पिशवी चढवलीस, थाप मारलीस आणि म्हणालास, "आहे." मी दोन पावलांवर शिरस्त्राणाचा पट्टा आवळत होतो. मी ऐकले. मनात म्हणालो, पहिल्या थांब्यावर सांगू. मग तुझ्याशी शर्यत लावली आणि पहिला थांबा आलाच नाही. इस्पितळात डोळे उघडल्यावर तुझे पहिले वाक्य होते, "मर्ल, मी मूर्ख, बंदूक पेटीत टाकली." माझे तोंड उघडले होते. त्यातून निघाले ते असे: मूर्ख तर तू जन्मतःच आहेस. तू हसलास, परिचारिका हसली, आणि ते हसू इतके सोयीचे होते की मी नऊ वर्षे त्याच्यामागे उभा राहिलो आणि तुला दरवर्षी सगळ्या गावासमोर स्वतःला मूर्ख म्हणवून घेऊ दिले. सोमवारी मी खिळ्यांच्या पेटीखाली पडलो होतो ते याच आशेने, की ती रायफल पडल्या पडल्या जोडता येतच नाही असे सिद्ध व्हावे. मग ती पिशवीत असती तरी काय फरक पडला असता, असे म्हणता आले असते. एक मिनिट, अकरा सेकंद. तुझ्याकडे एकोणीस तास होते, दोन्ही हात मोकळे होते, आणि मी दीड मैलावर कान उघडे ठेवून बेकन खात होतो. तू रागाव. फोनवर रागाव, सगळ्या खोर्‍याला ऐकू दे, मी विनोद करणार नाही. यापुढे ते भाषण मी करीन; तुझी तशी इच्छा असेल तर. पण शनिवारी स्वतःवर रागावून त्या वाटेला जाऊ नकोस; तो राग नऊ वर्षे चुकीच्या पत्त्यावर पोचवला गेला आहे आणि त्याचा पोस्टमन मी होतो. तुझा हात विसरला नव्हता. तुझा हात कधीच विसरत नाही. निघताना छातीवर थाप मार आणि म्हण, आहे. ती असेल. ती काढून घ्यायला या वेळी मी तिथे नसेन.

तुझाच,
मर्ल

ता. क. तू मागितलास म्हणून थर्मास सोबत पाठवत आहे, निळी फीत सोडून. शकुनाचा आहे की नाही ते वरील वाचून तूच ठरव. पण तो अजूनही गळतो. झाकणाखालचे रबरी कडे मिळावे म्हणून मी त्याच्या कंपनीला दोन सविस्तर पत्रे लिहिली. त्यांचे उत्तर आले की नमुन्यादाखल जुने कडे पाठवावे, सहा ते आठ आठवडे लागतील. जुने कडे पाठवले, तर त्या सहा ते आठ आठवड्यांत कॉफी कशात ठेवायची, याविषयी त्या पत्रात चकार शब्द नाही.